लोखंडावाचून बांधलेले घर

जालन्याचा मुलगा अलिबागेस गेला, म्हणजे त्याची दृष्टी प्रथम समुद्रावर व पाण्यातील कुलाबा किल्ल्यावर खिळते. आमच्या शाळेच्या सहलीतील मुलांचेही तसेच झाले. परंतु किनाऱ्याजवळच एक साधी दगडी वास्तू आहे. तिच्यापाशी थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. ही अलिबागची चुंबकीय वेधशाळा होय. तिचे वैशिष्ट्य असे की, ती बांधताना लोखंड कटाक्षाने वर्ज्य केले आहे.

असे का केले असावे? मुलांनो, होकायंत्राजवळ चाकू नेऊन पाहा. सुई तत्काळ विचलित होते. पृथ्वीच्या चुंबकत्वात सूर्याच्या प्रभावाने क्षणोक्षणी अतिसूक्ष्म बदल होत असतात. ते टिपणाऱ्या उपकरणांजवळ लोखंड असेल, तर नोंद कशी खरी ठरावी? आपल्या काळ्या दगडातही चुंबकीय कण असतात. म्हणून येथे पोरबंदरचा दगड वापरण्यात आला.

हे कार्य पूर्वी मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत चाले. तेथे 1841 मध्ये चुंबकीय मापनास आरंभ झाला. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेचा प्रवाह रुळांतून व जमिनीतून वाहिला, म्हणजे उपकरणे बिघडलेली नोंद देणार, हे उघड होते. नगराची सोय अडवावी, की साठ वर्षांचे ज्ञान बुडू द्यावे? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी दोन्ही टाळले. खाडीपलीकडील शांत अलिबाग निवडून 1904 मध्ये तेथे नवी वेधशाळा उभारण्यात आली.

तथापि कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. नवी तागडी घेणारा मोंढ्यातील शहाणा व्यापारी तेच धान्य जुन्या व नव्या तागडीत तोलून पाहतो, मगच जुनी टाकतो. त्याप्रमाणे दोन्ही स्थळांतील फरक कळला व नोंदींची साखळी अखंड राहिली.

1907 मध्ये विजेची ट्राम मुंबईत धावू लागली. 1964 मध्ये ती बंदही झाली. ज्या ट्रामसाठी वेधशाळेने स्थलांतर केले, ती गेली. अलिबागच्या नोंदी मात्र चालूच राहिल्या. परतताना एका मुलाने आपल्या खिशातील चाकू चाचपून पाहिला व तो दोन पावले मागे सरला. त्या घराचे मर्म त्यास कळले होते.