धरण वजा झालं म्हणजे काय? दहावीच्या विज्ञानातले आकडे आणि आपण

(सामुदायिक रेडिओवरच्या आमच्या गटाच्या बोलण्यावरून)



उजनीच्या काठावरच्या आपल्या गावांत पाऊस लागला की सकाळी चहाच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो : "आज धरण किती झालं?" त्याच्या पाठोपाठ दुसरा : "दौंडचा विसर्ग किती हाय?" उन्हाळ्यात हेच प्रश्न आपण काळजीनं विचारतो. पाणी मागं सरकलं की मोटार खाली न्यावी लागते, पाइप आणि केबल वाढवावी लागते, ऊस ठेवायचा की मोडायचा ते ठरवावं लागतं. म्हणजे आकडे ऐकायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि त्यावरून निर्णय घ्यायचा, हे काम आपण बाया वर्षानुवर्षं करत आलोय. पण लेकरू विज्ञानाचं पुस्तक घेऊन जवळ बसलं की आपण म्हणतो, "मला काय कळतंय त्यातलं?" आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी दहावीला होती. सराव परीक्षेत विज्ञानात तिचे बरेच गुण गेले. सूत्रं सगळी तोंडपाठ, पण उदाहरणं चुकलेली. घरात बोलणं सुरू झालं होतं की बोर्डात असंच झालं तर पुढं शिकवायचं कशाला, स्थळं बघू. पोरगी रात्री पेपर घेऊन रडत बसली होती. ताई सातवी शिकलेल्या. त्यांनी पेपर हातात घेतला आणि विचारलं, "हे काय विचारलंय?" मुलगी म्हणाली, "भिंगाची शक्ती काढायची, म्हणजे चष्म्याचा नंबर. नाभीय अंतर ५० सेंटिमीटर. मी १ भागिले ५० केलं, उत्तर ०.०२ आलं." ताई म्हणाल्या, "आगं, आजीच्या चष्म्याचा नंबर दोन हाय. शून्य पूर्णांक शून्य दोन नंबरचा चष्मा कुणी घालतं का?"

मुलगी गप्प झाली, मग तिनं पुस्तक उघडलं. सूत्रात नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं होतं. ५० सेंटिमीटर म्हणजे ०.५ मीटर. १ भागिले ०.५, उत्तर २ डायॉप्टर. आजीच्या चष्म्याइतकंच!

ताईंना सूत्र ठाऊक नव्हतं, पण आकडा पटतोय की नाही हे त्यांना कळलं. तेव्हापासून आमच्या गटात आम्ही चार प्रश्न ठरवलेत. लेकरू तक्ता, आलेख किंवा सूत्र घेऊन बसलं की त्याला ते विचारायचे. उत्तर लेकरानंच शोधायचं, आपण फक्त विचारायचं. ते प्रश्न आपल्या धरणावरूनच समजून घेऊ.

पहिला प्रश्न : शून्य कुठं आहे?

उन्हाळ्यात आपण ऐकतो, "उजनी वजा झाली." २०२४ च्या उन्हाळ्यात साठा वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. आता सांगा, भांड्यात पाणी वजा कसं असेल? एकतर पाणी असतं, नाहीतर भांडं रिकामं असतं.

यातली मेख शून्यात आहे. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं तळाचं ६३.६६ टीएमसी म्हणजे मृतसाठा. त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त या वरच्या साठ्याची. म्हणजे 'शून्य टक्के' हा धरणाचा तळ नाही, ती मृतसाठ्याची वरची रेघ आहे. वजा ५० टक्के म्हणजे त्या रेघेच्या खाली ५३.५७ ची निम्मी, म्हणजे २६.७९ टीएमसी इतकी घट. ६३.६६ मधून २६.७९ वजा केले तर कागदावर अजून ३६.८७ टीएमसी उरतात. त्यात गाळही बसलेला आहे ही गोष्ट वेगळी, पण धरण 'शून्याच्या खाली' असूनही कोरडं नसतं ते यामुळं. 'उजनी १११ टक्के' ऐकून दचकायचंही कारण नाही. शंभरच्या रेघेवर आणखी थोडं पाणी साठवलं, एवढाच त्याचा अर्थ.

विज्ञानाच्या पेपरात हीच गोष्ट वेगळ्या वेशात येते. भिंगाच्या उदाहरणात अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजतात, म्हणजे शून्य तिथं. प्रकाश ज्या दिशेनं जातो त्या बाजूचं अंतर अधिक, उलट बाजूचं वजा. प्रतिमा उलटी पडली की तिची उंची वजा लिहितात. मुलं वजा बघून गोंधळतात, किंवा चुकून पडलंय समजून ते चिन्ह खोडून टाकतात. तेव्हा विचारायचं : "बाळा, शून्य कुठं धरलाय? मग वजा म्हणजे त्याच्या कोणत्या बाजूला?" वजा म्हणजे 'काहीच नाही' असा अर्थ होत नाही. शून्याच्या पलीकडची बाजू, एवढंच ते चिन्ह सांगतं.

आणखी एक गंमत बघा. उजनीची पूर्ण भरल्यावरची पातळी ४९६.८३ मीटर सांगतात. मग धरण जवळपास पाचशे मीटर खोल आहे का? नाही. तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे. शून्य समुद्राशी आहे, धरणाच्या तळाशी नाही. शून्य कुठं हे न विचारता आकडा घेतला की अशी फसगत होते.

दुसरा प्रश्न : कशात मोजलंय?

धरणाच्या बातमीत तीन जातीचे आकडे येतात. पातळी मीटरमध्ये, साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, मोठे दोन हंडे म्हणा. साठा म्हणजे हंड्यात आहे ते पाणी, विसर्ग म्हणजे नळाची धार. 'दौंडहून ५० हजार आलं' असं कुणी म्हणालं तर ते पाणी किती, हे लगेच सांगता येत नाही. धार किती वेळ चालली ते विचारावं लागतं.

म्हणून सूत्र : पाणी = धार × वेळ. ५० हजार क्युसेकची धार पूर्ण एक दिवस चालली असं धरू. धार 'दर सेकंदाला' मोजली आहे, म्हणून दिवसाचेही सेकंद करायचे : २४ तास × ६० मिनिटं × ६० सेकंद = ८६,४००. गुणाकार केला की ४३२ कोटी घनफूट, म्हणजे ४.३२ टीएमसी. ५३.५७ च्या मानानं हे सुमारे आठ टक्के. धरणातून तेवढ्या वेळात काही सोडलं नाही, तर दिवसात धरण आठ टक्क्यांनी वाढेल. कुणी घाईत २४ नंच गुणलं, तर उत्तर काहीच्या काही येईल.

पेपरात मुलांचे गुण बहुतेक इथंच जातात. मिनिटांचे सेकंद करायचे राहतात, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहतात, वॅटचे किलोवॅट करायचे राहतात. म्हणून उदाहरणाला हात घालण्याआधी दिलेल्या प्रत्येक आकड्यापुढं त्याचं एकक लिहायची सवय लावायची. सगळी एककं एका जातीची झाली की मगच सूत्रात किंमती भरायच्या.

तिसरा प्रश्न : एक बदललं की दुसऱ्याचं काय होतं?

हा प्रश्न आलेखाला आणि सूत्राला, दोघांनाही लागू आहे.

आलेख हातात आला की रेघ बघायच्या आधी आडव्या आणि उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचायचं. मग बोटानं रेघेवरून जायचं : इथं चढली, इथं सपाट झाली, इथं उतरली. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, तिथं घडलं काय? दहावीच्या 'उष्णता' या धड्यात बर्फ तापवल्याचा आलेख आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान. सुरुवातीला रेघ शून्य अंशावर सपाट, मग चढती, मग १०० अंशावर पुन्हा सपाट. मुलं लिहितात, 'सपाट भागात काही बदल नाही.' मासळीच्या पेटीत बर्फ भरणाऱ्या आपल्या बायांना विचारा. पेटीत बर्फाचा खडा शिल्लक आहे तोवर पाणी गारच राहतं, पण बर्फ वितळत तर असतोच. आत जाणारी उष्णता बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते, म्हणून तापमान वाढत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. भरलेल्या धरणाची पातळीही काही दिवस जागची हलत नाही, तेव्हा पाणी थांबलेलं नसतं, जेवढं येतंय तेवढं सोडलं जात असतं. रेघ सपाट असली तरी आत काम चालू असू शकतं.

आता सूत्र. सूत्र हे एक वाक्य असतं, ते मोठ्यानं वाचायचं. तारेतून वीज गेली की उष्णता तयार होते, त्याचं सूत्र असं : उष्णता = विद्युतधारेचा वर्ग × रोध × काळ. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात : एच म्हणजे उष्णता, आय म्हणजे विद्युतधारा, आर म्हणजे रोध, टी म्हणजे काळ. काळ दुप्पट केला तर उष्णता दुप्पट. पण विद्युतधारा दुप्पट झाली तर? तिथं वर्ग आहे, म्हणून उष्णता चौपट.

आपल्या शेतातली मोटार आठवा. व्होल्टेज कमी असताना मोटार चालवली की ती जळते, हे आपण महागात पडून शिकलोय. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी ओढायला मोटार जास्त धारा घेते. समजा १० अँपियरच्या जागी १५ घेतली. दहाचा वर्ग १००, पंधराचा २२५. धारा वाढली दीडपट, पण वेढ्यातली उष्णता झाली सव्वादोनपट. म्हणून वेढे जळतात. पेपरात प्रश्न येतो, 'विद्युतधारा तिप्पट केली तर उष्णता किती पट होईल?' ज्या मुलीनं मोटारीचं हे गणित समजून घेतलंय, तिला पाठांतराची गरज नाही. ती नऊ पट म्हणून मोकळी होईल.

चौथा प्रश्न : उत्तर पटतंय का?

आजीच्या चष्म्याचा प्रश्न तो हाच. नऊ वॅटचा एक बल्ब रोज दहा तास लावला, तर तीस दिवसांत किती युनिट वीज जाईल? ९ × १० × ३० म्हणजे २,७००. एखादं मूल लिहून टाकेल '२,७०० युनिट'. त्याला घरचं वीजबिल दाखवा. एका बल्बाला २,७०० युनिट आले तर घर विकावं लागेल. ते आलेत वॅट-तास. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणून हजारानं भागायचं. खरं उत्तर २.७ युनिट.

उत्तर पटलं नाही तर खोडायची घाई नको. एककं पुन्हा बघायची, चूक बहुधा तिथंच सापडते. आणि पायऱ्या सगळ्या लिहायच्या : काय दिलंय, काय काढायचंय, सूत्र, किंमती, उत्तर आणि त्याचं एकक. बोर्डात विज्ञानाचे दोन लेखी पेपर प्रत्येकी ४० गुणांचे असतात. शेवटचा आकडा चुकला तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळू शकतात, पण त्या कागदावर असायला हव्यात.

गटात करून बघा

आमच्या गटात आता बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावलाय. धरणाचा रोजचा टक्का आठवी ते दहावीच्या मुली त्यावर लिहितात आणि महिन्याच्या शेवटी आलेख काढतात. मग आम्ही बाया विचारतो, "इथं रेघ का चढली? इथं सपाट का?" मुली उत्तर शोधतात. कधी आम्हालाच ठाऊक असतं, कारण त्या दिवशी पाणी सोडल्याचं आम्ही बघितलेलं असतं.

त्या ताईंच्या मुलीनं बोर्डाचा पेपर दिला. घरी आल्यावर आईनं किती गुण पडतील ते विचारलं नाही. "सगळी एककं लिहिलीस का?" एवढंच विचारलं. ती पास झाली आणि आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे.

तर मैत्रिणींनो, चार प्रश्न पुन्हा सांगतो. शून्य कुठं आहे? कशात मोजलंय? एक बदललं की दुसऱ्याचं काय होतं? उत्तर पटतंय का? हे विचारायला पदवी लागत नाही. उद्या सकाळी धरणाचा आकडा आला की लेकीला जवळ बोलवा आणि पहिला प्रश्न तिथंच विचारा.