महागडा मदरबोर्ड आणि जागेचा हिशेब

हौसेने कॉम्प्युटर बांधणारा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर आठवडेच्या आठवडे खल करतो, आणि मदरबोर्ड मात्र खोक्यावरची यादी वाचून उचलतो. पाच एम.टू, तीन लांब स्लॉट, अठरा फेज, दोन यूएसबी ४. ही यादी खोटी नसते, पण ती रिकाम्या बोर्डाची असते. कूलर, कार्ड, एसएसडी आणि केबली बसल्या की तेच स्लॉट एकमेकांची जागा खाऊ लागतात आणि एकमेकांच्या डेटा-लेनही. म्हणून चाळीस-पन्नास हजारांच्या बोर्डाचं मोल ठरवायचं ते सगळं बसवून झाल्यावर त्यातलं किती वापरता येतं यावर, असं माझं ठाम मत आहे. आणि हे पैसे मोजण्याआधी घरबसल्या तपासता येतं.

आधी मोजपट्टीचा हिशेब करू. आजचे बहुतेक मोठे बोर्ड इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स मापाचे असतात : ३०५ बाय २४४ मिलिमीटर, विस्तारासाठी जास्तीत जास्त सात स्लॉट, दोन स्लॉटांमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर. हे माप ठरलं तेव्हा एका कार्डाला एकच स्लॉट लागे. २०२२ साली आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० फाउंडर्स एडिशन ६१ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे त्याने तीन स्लॉट अडवले. इतर कंपन्यांची त्याच चिपची कित्येक कार्डं साडेतीन स्लॉटांची आहेत, म्हणजे व्यवहारात चार. मुख्य स्लॉट वरून दुसऱ्या जागी धरला, तर असं कार्ड पाचव्या जागेपर्यंत पोचतं. पंख्यांना हवा ओढायला खाली थोडी मोकळीक हवीच. मग दुसरा लांब स्लॉट चौथ्या किंवा पाचव्या जागी दिलेला असेल, तर तो केवळ छायाचित्रापुरता. तोच सातव्या जागी असेल तर कॅप्चर कार्ड किंवा १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड खरोखर बसतं. तिथेही बोर्डाच्या खालच्या कडेला पॅनलच्या आणि यूएसबीच्या पिना उभ्या असतील, तर लांब कार्ड त्यांच्या केबलींवर टेकतं.

लेनचा हिशेब डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक फसवतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटमधल्या रायझन ७००० आणि ९००० मालिकांच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना पीसीआयईच्या २८ लेन असतात. त्यांतल्या चार चिपसेटकडे जातात, उरतात चोवीस : सोळा ग्राफिक्सला, चार पहिल्या एसएसडीला, चार बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर. २०२४ साली आलेल्या एक्स८७०ई चिपसेटसोबत यूएसबी ४ सक्तीचं झालं आणि बहुतेक बोर्डांवर त्या मोकळ्या चार लेन त्याच्या कंट्रोलरकडे गेल्या. तरीही महागड्या बोर्डांवर पाचव्या पिढीचे दोन-तीन एम.टू स्लॉट दिसतात. ते येतात कुठून? ग्राफिक्सच्या सोळा लेनमधून. आणि त्या सोळा लेन फुटतात आठ-आठ अशा किंवा आठ-चार-चार अशा, त्यामुळे दुसऱ्या एसएसडीला चारच लेन लागत असल्या तरी ग्राफिक्सच्या आठ जातात. इंटेलच्या झेड७९० बोर्डांवरही हीच गत होती, कारण तिथे प्रोसेसरकडे पाचव्या पिढीच्या सोळाच लेन होत्या. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २००एस मालिकेत इंटेलने एसएसडीसाठी त्याच वेगाच्या वेगळ्या चार लेन दिल्या, हे चांगलं केलं. राहिलेले एम.टू, साटा, नेटवर्क आणि बरेचसे यूएसबी चिपसेटमागे असतात. एएम५ वर चिपसेट आणि प्रोसेसर यांना जोडणारा दुवा चौथ्या पिढीच्या चार लेनचा, सेकंदाला सुमारे आठ गिगाबाइटचा; खाडीवर एकच पूल असावा तसा. चौथ्या पिढीची एक चांगली एसएसडी एकटीच सात गिगाबाइटच्या वेगाने वाचते. तशा तीन एसएसडी चिपसेटमागे लावून तिप्पट वेगाची अपेक्षा करणं व्यर्थ आहे.

मग सगळ्यात वेगवान एम.टू कुठे ठेवायचा? पाचव्या पिढीचा सिग्नल लेनमागे ३२ गिगाट्रान्सफरचा आहे आणि तांब्याची वाट लांबली की तो झपाट्याने क्षीण होतो. लांब न्यायचा तर वाटेत रीटायमर चिप बसवावी लागते आणि खर्च वाढतो. म्हणून हा स्लॉट जवळजवळ नेहमी प्रोसेसर आणि मुख्य स्लॉट यांच्यामध्ये येतो. विजेच्या दृष्टीने ती जागा उत्तम, उष्णतेच्या दृष्टीने कठीण. एका बाजूला प्रोसेसरचा कूलर, दुसरीकडे कार्डाची तापलेली पाठ, आणि मधे पूर्ण भारावर दहा वॉटच्या घरात उष्णता टाकणारी, २२ बाय ८० मिलिमीटरची पट्टी. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीचंच तापमान चढलेलं असतं, तेव्हा इथल्या हीटसिंकची जाडी हा सजावटीचा विषय राहत नाही. हीटसिंक स्क्रू न काढता निघतो का, मोठ्या एअर कूलरच्या कडेखालून तो उचलता येतो का, हे आधी पाहावं. बाकीचे एम.टू कार्डाखाली दडतात. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पाण्याचं कस्टम लूप आहे, त्यांना अशी एक एसएसडी बदलायची तर कार्ड काढावं लागतं, आणि पाइप कडक असतील तर आधी अख्खं लूप रिकामं करावं लागतं. त्यामुळे कार्डाच्या सावलीबाहेरचा एक एम.टू मला कार्डाखालच्या तिघांपेक्षा मोलाचा वाटतो. कार्डाचा खटका सोडवायला बोर्डाच्या कडेला दिलेलं बटणही असंच. जाड कार्डाच्या आणि कूलरच्या मधे बोट जात नाही, तेव्हा त्याची किंमत कळते.

फेजच्या आकड्यांना मात्र मी फार महत्त्व देत नाही. ११० अँपिअरच्या अठरा पॉवर स्टेज म्हणजे कागदावर १,९८० अँपिअर. एएम५ च्या १७० वॉट प्रोसेसरला सॉकेटची मर्यादा २३० वॉटची, म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास दोनशेहून कमी अँपिअर. त्यापुढचं सगळं शोभेचं. रॅमचे चार स्लॉट हीसुद्धा फसवी श्रीमंती आहे : रायझन ९००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन मॉड्यूलना डीडीआर५-५६०० आहे आणि चारांना ३६००. विक्रमी ओव्हरक्लॉकिंगसाठी काढलेल्या आसूसच्या एपेक्स बोर्डांवर रॅमचे दोनच स्लॉट असतात, ते याचसाठी.

यावर पहिला आक्षेप असा, की ग्राफिक्सला सोळाऐवजी आठ लेन मिळाल्या तरी गेममध्ये फरक जाणवत नाही. बहुतांशी खरं आहे. फरक सहसा थोड्याच टक्क्यांचा असतो. पण मग ज्याला एक कार्ड आणि दोन एसएसडी एवढंच लावायचं आहे, त्याने निम्म्या किमतीचा बी-मालिकेचा बोर्ड घ्यावा. महागड्या बोर्डाचे जास्तीचे पैसे विस्तारासाठी मोजायचे आणि विस्तार केला की मुख्य कार्डाच्या लेन घटणार, हे न सांगता खपवणं बरोबर नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मापं ठरलेली, स्क्रूच्या जागा ठरलेल्या, मग बनवणारा करणार काय? सबंध रचना बदलू पाहणारं इंटेलचं बीटीएक्स २००४ च्या सुमारास आलं आणि दोन-तीन वर्षांत गुंडाळलं गेलं, हेही खरं. पण स्लॉट कितव्या जागी, लेन कोणात वाटायच्या, पिना उभ्या की आडव्या, हे सगळं बनवणाऱ्याच्याच हाती आहे. आसूसच्या बीटीएफ आणि एमएसआयच्या प्रोजेक्ट झिरो बोर्डांनी तर केबलींचे कनेक्टर पाठीमागे नेले. मात्र त्यांना तशीच भोकं असलेलं कॅबिनेट लागतं, ते आधी पाहून ठेवावं. कार्ड उभं करून रायझर केबल वापरा, असंही सुचवलं जातं. उभं केलेलं जाड कार्ड उरलेले स्लॉट झाकून टाकतं, त्यामुळे मूळ अडचण तशीच राहते.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात किंवा ऑनलाइन पैसे देण्याआधी त्या बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्या. त्यात ब्लॉक डायग्राम असला तर तो आधी पाहा, नसला तर स्लॉटांच्या तक्त्याखालच्या बारीक टिपा वाचा, कोणता एम.टू भरल्यावर कोणता स्लॉट मंदावतो किंवा बंद पडतो, ते तिथेच छापलेलं असतं. मग बोर्डाचं चित्र कागदावर खऱ्या मापात छापा, आपल्या कार्डाची जाडी आणि कूलरचा घेर पेन्सिलने आखा, आणि त्याखाली काय झाकलं जातं ते मोजा.