थरांचं शास्त्र, बक्षिसांचा पैसा

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की लालबाग-परळच्या गल्ल्यांत दहीहंडीच्या थरांचा सराव सुरू होतो. वजन सगळं तळाच्या खांद्यांवर येतं, पण तितकाच धोका डोलण्याचा. वर चढणाऱ्या पोराचा पाय जरा बाहेर पडला की गुरुत्वमध्य सरकतो आणि उंचीमुळे डोलणं वाढत जातं. म्हणून तळाच्या पोरांचं कडं छातीने आत रेटत राहतं. याच तंत्राच्या बळावर 2012 साली ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने 43.79 फूट उंची गाठली. 2023 साली प्रो गोविंदा लीग ही पथकांची बक्षिसांची स्पर्धाही आली. बक्षिसांच्या पैशाने परंपरा बाटते, हे मला मुळीच पटत नाही. घाम गाळणाऱ्याला मोल मिळायलाच हवं. आयोजकांनो, लाखांची बक्षिसं जाहीर करण्याआधी थर रचणाऱ्या प्रत्येक गोविंदाचा विमा उतरवा!