रायफल पुण्याची, पसंती परदेशाची

23 सप्टेंबर 1803 रोजी आमच्या जालना जिल्ह्यातील असई गावच्या शिवारात लढाई झाली. जिंकले इंग्रज, पण शिंद्यांच्या तोफांपुढे त्यांची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. त्या तोफांपैकी कितीतरी याच देशात, युरोपियन उस्तादांच्या देखरेखीखाली का होईना, ओतलेल्या होत्या. मग आज आमच्या जवानाच्या खांद्यावर अमेरिकेची रायफल का?

पुण्याच्या पाषाणमधील संरक्षण संशोधन संस्थेने (एआरडीई) 'इन्सास' रायफल घडविली. 1998 साली ती सैन्यात आली आणि पुढच्याच वर्षी कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या. तक्रारी खऱ्याच होत्या. बिघडणारी बंदूक देशी आहे म्हणून जवानाच्या गळ्यात मारा, असे आम्ही म्हणत नाही.

पण पुढे काय झाले? 2011 मध्ये लष्कराने नवी मागणी काढली: नळी बदलली की दुसऱ्या मापाची गोळी मारता आली पाहिजे. पाषाणच्या शास्त्रज्ञांनी तशी रायफल करून दाखविली. तिचे नाव एमसीआयडब्ल्यूएस. 5.56, 6.8 आणि 7.62 मिलिमीटर, तिन्ही मापांची. 2014 च्या दिल्लीतील संरक्षण प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. 2015 मध्ये लष्कराने बहुमापी रायफलीचे टेंडरच रद्द केले, कारण आता एकाच मापाची दमदार रायफल हवी होती! नवरदेव उभा आणि मांडवच मोडला. ती रायफल सैन्यात कधीच आली नाही. 2017 साली ईशापूर कारखान्याची 7.62 ची रायफलही चाचणीत नापास ठरली.

मागणी लिहिणारे साहेब दिल्लीत बसतात. अंबड, परतूर, मंठ्याची शेतमजुरांची पोरं भरतीसाठी पहाटे सडकेवर धावतात. उद्या सीमेवर हत्यार यांच्याच हाती असणार, आणि मागणी लिहिताना यांना कोण विचारतो?

फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून 72,400 रायफली घेण्याचा करार झाला. जानेवारी 2024 मध्ये पाषाणच्याच संस्थेने 'उग्रम' ही 7.62 ची नवी रायफल पुढे आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच अमेरिकन कंपनीला आणखी 73 हजारांची ऑर्डर मिळाली.