सह्याद्रीचे डोंगर ज्वालामुखी नव्हेत

महाराष्ट्रातला काळा दगड ज्वालामुखीतून आला, हे आपण शाळेत शिकतो. त्यावरून सह्याद्रीचा प्रत्येक डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, असा समज रूढ झाला आहे. समज स्वाभाविक असला, तरी बरोबर नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे प्रामुख्याने भेगी उद्रेक (जमिनीतल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर पडणे) झाले. पातळ लाव्हा दूरवर पसरून थिजला आणि त्याचा बेसॉल्ट (काळा कातळ) बनला. जमीन सारवताना वाळलेल्या हातावर पुढचा हात चढवावा, तसे थरांवर थर चढत गेले. माळशेज घाटातल्या कड्यांवर हे आडवे थर स्पष्ट दिसतात. सह्याद्रीत काही ठिकाणी दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टाही आढळतो. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेल्याची ती खूण आहे.

डोंगरांचे आकार नंतरचे आहेत. पाऊस आणि नद्यांनी केलेल्या क्षरणात (खडक झिजून वाहून जाणे) दऱ्या कोरल्या गेल्या. टिकाऊ भाग उभा राहिला. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखरही असेच झिजेतून उरलेले आहे.