उटी की कोडाईकनाल?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की गाठीस चार पैसे असलेल्या घरी हवापालटाची बोलणी सुरू होतात. बेळगाव-खानापुराकडील व गोव्यातील कुटुंबांत अशा वेळी दक्षिणेतील दोन थंड गावांची नावे निघतात: निलगिरीतील उटी आणि पलनी डोंगरातील कोडाईकनाल. "एवढ्या लांब जायचेच, तर दोन्ही पाहून येऊ," असे कोणीतरी सुचवितो. आमचे मत याच्या उलट आहे. या दोहोंमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट आहे. एक घाट उतरून मैदानातील उकाड्यात यावे लागते आणि मग दुसरा चढावा लागतो. सुट्टीतील एक अख्खा दिवस प्रवासात जातो, मुलांना गाडी लागते, वडीलधारी माणसे थकून जातात. म्हणून एकच गाव निवडावे, व निवडण्यापूर्वी दोन्ही नीट समजून घ्यावीत.

उटी, म्हणजे उदगमंडलम, सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. मूळची ही तोडा लोकांची भूमी. कोईमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांनी १८२० नंतरच्या दशकात येथे घर बांधले व तळे करविले. १८४८ पासूनची वनस्पतिबाग आजही गावाचे भूषण आहे. परंतु उटीचे खरे नवल म्हणजे तिची डोंगरी रेल्वे. मेट्टुपालयमहून उटीपर्यंतचे ४६ किलोमीटर चढण्यास तिला जवळजवळ पाच तास लागतात. कुन्नूरपर्यंतच्या तीव्र चढावर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविलेली आहे. तिच्यात इंजिनाचे दातेरी चाक अडकते आणि गाडी मागे न घसरता वर सरकते. हा मार्ग १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत व १९०८ मध्ये उटीपर्यंत खुला झाला. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. जागा थोड्या असल्यामुळे तिकिटे फार आधी काढावी लागतात. ती न मिळाल्यास कुन्नूर ते उटी हा तासाभराचा प्रवास तरी मुलांना अवश्य घडवावा. मात्र उटी आता मोठे शहर झाले आहे, आणि मे महिन्यात पुष्पप्रदर्शनाच्या दिवसांत तेथे गर्दी फार असते.

कोडाईकनाल सुमारे २,१०० मीटर उंच, पण विस्ताराने लहान. १८४५ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी येथे पहिले बंगले बांधले. १८६३ मध्ये मदुरेचे कलेक्टर लेव्हिंज यांनी बांध घालून ताऱ्याच्या आकाराचे तळे निर्माण केले. त्याच्या काठचा रस्ता सुमारे पाच किलोमीटरांचा आहे. सकाळच्या धुक्यात तो पायी फिरावा, दमल्यास बाकावर बसावे. १८९९ मध्ये स्थापन झालेली सौर वेधशाळा येथेच आहे. दर बारा वर्षांनी निळी कुरिंजी फुलते. ती २०१८ मध्ये फुलली होती, पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळा वाटावा, असे ला सालेतच्या मातेचे जुने देवालयही या गावी आहे. उटीसही उणे नाही: १९५५ मध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रांताचे, येशूच्या पवित्र हृदयाचे महामंदिर तेथे आहे. रविवारची मिस्सा कोठेच चुकण्याचे कारण नाही.

प्रवासाच्या दृष्टीने उटी आपल्याला सोयीची. बेळगावहून म्हैसूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बंदीपूर व मुदुमलईच्या अरण्यातून बस. रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत अरण्यातील हा रस्ता खाजगी वाहनांना बंद असतो, हे ध्यानात ठेवावे. कोडाईसाठी दिंडिगुल-मदुरै मार्गावरील कोडाई रोड स्थानकावर उतरून सुमारे ८० किलोमीटर घाट चढावा लागतो. मात्र वेलंकनीची यात्रा करून तिरुचिरापल्लीमार्गे परतणाऱ्यांना कोडाईच अधिक जवळ पडते. मे २०२४ पासून दोन्ही ठिकाणी वाहन नेण्यास ई-पास लागू झाला आहे. निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांनाही तेथे मज्जाव आहे. हृदयाचा वा श्वासाचा विकार असणाऱ्यांनी एवढ्या उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग निवड कशी करावी? घरात लहान मुले असतील, हाती तीन-चार दिवसच असतील, तर उटी बरी. आगगाडीची ती आठवण मुले जन्मभर सांगतील. आजी-आजोबा सोबत असतील आणि पाहण्यापेक्षा विसाव्याची गरज अधिक असेल, तर कोडाई. दोहोंपैकी कोठेही जाण्यासाठी कर्ज काढू नये. थंड हवेचे चार दिवस संपतात, हप्ते संपत नाहीत.

आणखी एक गोष्ट. सुट्टीचे बेत बहुधा पुरुष आखतात आणि मुले ते बदलवितात. वर्षभर पहाटे चुलीपाशी उभी राहणारी माउली मात्र "तुम्ही म्हणाल तसे" एवढेच म्हणते. परगावी खोली घेऊन तेथेही तिलाच स्टोव्ह पेटवावा लागला, तर तिचा हवापालट कसला? खर्चात थोडी काटकसर करावी, एक दिवस कमी राहावे, पण तिच्या हातून त्या दिवसांत स्वयंपाक सुटावा. उटी की कोडाई, हा प्रश्न सर्वांआधी तिला विचारावा, आणि तिच्या उत्तराची वाट पाहावी.