गाडी थरथरते, पण कधी?

व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, "अनबॅलन्स म्हणजे काय?" आपण एम-आर-ओमेगा-स्क्वेअर ठोकून मोकळे होतो आणि मार्कही मिळतात. पण तोच एम-आर-ओमेगा-स्क्वेअर माझ्या मामाच्या अल्टोत सहा महिने ठाण मांडून बसला होता, तेव्हा मला काही तो ओळखता आला नाही. मेकॅनिकलवाल्यांनी हे वाचावंच. बाकीच्यांच्या घरीही कधी ना कधी गाडी असतेच.

मामा राहतो नौपाड्यात आणि नोकरीला आहे आसनगावला. रोज माजिवड्यावरून नाशिक महामार्ग धरायचा. त्याची तक्रार होती, "पुढून आवाज येतो आणि स्टिअरिंग थरथरतं." गॅरेजवाल्याने गोखले रोडवरून राम मारुती रोडला एक चक्कर मारली आणि बॅलन्सिंग सुचवलं. ते झालं. मग अलाइनमेंट झाली, मग दोन्ही शॉकअप बदलले, मग पुन्हा बॅलन्सिंग. दर वेळी मामाचा खिसा हलका आणि थरथर जिथल्या तिथे. शेवटी मामा म्हणाला, "विकूनच टाकतो आता."

गॅरेजवाल्याची चूक कौशल्याची नव्हती, चक्करीची होती. गोखले रोडवर कुणी ८० च्या वेगाने गाडी चालवून दाखवावी, माझी मेसची महिन्याची कुपनं त्याला! आणि मामाला खोदून विचारल्यावर कळलं की थरथर नेमकी ७५ ते ८५ च्या दरम्यानच येते. ६० ला काही नाही, ९० च्या पुढे पुन्हा कमी. म्हणजे ज्या वेगाला रोग दिसतो त्या वेगाला गाडी तपासलीच गेली नव्हती.

आता थोडं गणित. अल्टोचा टायर १४५/८० आर १२. त्याचा परीघ साधारण १.७ मीटर. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या. रिमच्या कडेला, केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर, नुसता २० ग्रॅमचा फरक असला तर बल येतं सुमारे २० न्यूटन. दोन किलोची पिशवी सेकंदाला तेरा वेळा सगळ्या दिशांनी ओढल्यासारखं. ४० च्या वेगाला हेच बल पाव, म्हणजे अर्धा किलो. ते जाणवत नाही.

पण मग ९० च्या पुढे थरथर कमी का व्हावी? बल तर वाढतच जातं. इथे रेझोनन्स येतो. टायर स्वतः एक स्प्रिंग, वर सस्पेन्शनची स्प्रिंग आणि मध्ये चाकाचं वजन. या व्यवस्थेची स्वतःची फ्रीक्वेन्सी बहुतेक छोट्या गाड्यांत १० ते १५ हर्ट्झमध्ये पडते. चाकाच्या फेऱ्या तिच्याशी जुळल्या की एवढंसं बलही स्टिअरिंगपर्यंत पोचतं. म्हणून ठरावीक वेगालाच येणारी थरथर दिसली की पहिला संशय फिरणाऱ्या वस्तूवर घ्यायचा. शॉकअप बदलून ती जात नाही.

रविवारी पहाटे आम्ही महामार्गावर गेलो. मामा चालवत होता, मी वहीत लिहीत होतो. ८० ला थरथर सुरू झाली. मागे कुणी नाही बघून मामाने क्लच दाबला. इंजिन आयडलला आलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन आणि त्याची माउंटिंग सुटली. (हे करताना किल्ली बंद करायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एकदोनदा दाबण्यापुरताच उरतो, आणि किल्ली बाहेर आली तर स्टिअरिंग लॉक होतं.) हलका ब्रेक लावला, थरथर वाढली नाही. डिस्क वाकडी किंवा जाडीला कमीजास्त असती तर ब्रेकलाच स्टिअरिंग हललं असतं. लांब वळणावर कान देऊन ऐकलं, घुंईऽऽ असा आवाज नाही. बेअरिंग गेलं असेल तर हा आवाज वळणावर बदलतो, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढताना येणारी कटकटकट, म्हणजे सीव्ही जॉइंटची खूण, तीही नव्हती.

उरली चाकं. घरी आल्यावर पुढची दोन्ही मागे आणि मागची पुढे घातली. पुन्हा गेलो. स्टिअरिंग शांत, पण आता मामाच्या सीटखाली थरथर! दोष चाकांबरोबर मागे गेला होता. एक पैसा खर्च न करता.

तरी कोडं उरलंच. बॅलन्सिंग दोनदा झालेलं, मग चाक दोषी कसं? चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं आणि टायरजवळ खडू धरला. डाव्या चाकाला खडू एकाच भागात लागत होता. मग कॉलेजच्या वर्कशॉपमधून सरांची परवानगी घेऊन डायल गेज आणलं. रिमच जवळजवळ दोन मिलिमीटर गोलाईतून गेली होती. कुठल्या तरी खड्ड्याचा प्रसाद. बॅलन्सिंगच्या मशीनला वजन समान दिसतं, कारण तिथे चाक हवेत फिरतं. रस्त्यावर मात्र उंचवटा दर फेरीला एकदा गाडी उचलतो. वजनाने बॅलन्स झालेलं चाक गोल असेलच असं नाही, हे मला चार सेमिस्टरनंतर पहिल्यांदा कळलं.

रिम बदलली आणि ८० ला गाडी गुळगुळीत झाली. मामा खूश. पण मी वहीत सुरुवातीलाच लिहिलं होतं, "थरथर आणि आवाज." आवाज अजून होताच! स्पीड ब्रेकरवर, पेव्हर ब्लॉकवर, १५ च्या वेगाला, खट्‌ असा एकच. तो ८० ला कधीच येत नव्हता. सहा महिने आम्ही सगळे दोन रोगांना एकच समजत होतो, आणि मोठ्या थरथरीपुढे या बारीक आवाजाकडे कुणी लक्षच दिलं नाही.

पुन्हा जॅक. बॉडीखाली लावायचा म्हणजे चाक लटकतं राहतं, आणि खाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं. ठक्‌. ढिलाई आहे. आता आत बसलेल्या मामाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट, कारण ब्रेकने फिरणारा हब आणि त्याला धरणारा नकल जखडले जातात. आमची राहिली. (३ आणि ९ वर हलवून ढिलाई मिळाली असती तर संशय टाय रॉडच्या टोकावर गेला असता.)

मग हात लावून पाहिलं. डाव्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं, ग्रीस वाहून गेलेलं, आत माती. हा जॉइंट सुटला तर चाकाची खालची बाजू मोकळी होते आणि चाक आडवं पडतं. मामा रोज त्याच चाकावर महामार्गाला जात होता. ज्या थरथरीवर सगळा खर्च झाला ती फक्त त्रासदायक होती. धोका होता तो या खट्‌मध्ये. मामी हे ऐकून काही बोलली नाही, फक्त त्या दिवशी मामाला किल्ली दिली नाही.

लोअर आर्म बॉल जॉइंटसकट बदलला, मग अलाइनमेंट केली. या वेळी तिला अर्थ होता.

एक तक्रार मामाची अजून आहे. हरिनिवासच्या सिग्नलला उभं असताना गाडी थोडी हलते म्हणतो. माउंटिंग तपासली, ठीक आहेत. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला एवढं हलणारच, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याला पटलेलं नाही.